अत्तराचा फाया

सकाळी सव्वासात वाजता नसीमच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून चहा गळाला. तिनं ओढणीच्या टोकानं तो पुसला, पुन्हा घोट घेतला, पुन्हा तेच झालं. समोर बसून बशीत पाव बुडवणाऱ्या हैदरला वाटलं, ती आपली नक्कल करतेय. दाढ काढून आल्यावर परवा त्याच्याही तोंडातून असाच चहा सांडला होता आणि ती पोट धरून हसली होती. म्हणून तो हसला. मग तीही हसली. तिचं हसू डावीकडे नेहमीसारखं पसरलं आणि नाकापाशी येऊन थांबलं. उजवा गाल जागचा हलला नाही. उजवा डोळा उघडाच राहिला. हैदरचा हात बशीवर थबकला आणि पावाचा तुकडा चहात विरघळून गेला. "क्या हुआ?" नसीमनं विचारलं. घरात दोघं दखनीत बोलत. "कुछ नै," तो म्हणाला. बाहेर शिरूर कासारच्या बाजारगल्लीत पाण्याचा टँकर मागं घेत होते आणि क्लीनर "आनदे, आनदे" म्हणून ओरडत होता. रोजचीच सकाळ होती. फक्त समोरचा चेहरा दोन माणसांचा झाला होता. एक माणूस हसत होतं, दुसरं त्याच्याकडे नुसतं बघत होतं.

अंगावरून वारं गेलं, हेच हैदरच्या मनात आलं. त्याच्या अब्बांना असंच झालं होतं. हात गेला, पाय गेला, मग वाचा गेली. त्यानं नसीमला हात वर करायला लावले, चालायला लावलं, परातीतलं पीठ उचलायला लावलं. ती सगळं करत होती आणि त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत होती. गावातल्या डॉक्टरांनी मात्र हातपाय बघितलेच नाहीत. त्यांनी तिची ओढणी मागं सरकवली, उजव्या कानामागं बोट दाबलं, आणि नसीम जागेवरून उडाली. कानामागं लिंबाएवढी सूज होती. "कान कधीपासून वाहतोय?" डॉक्टरांनी विचारलं. "कान?" हैदर म्हणाला. "कान कुठं वाहतोय? तिचा कान चांगला हाय." नसीम खाली बघत म्हणाली, "लहानपणापास्नं येतंय थोडं थोडं." हैदरला वाटलं, ती दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतेय. बावीस वर्षं एका छपराखाली काढली, एक मुलगी, तरन्नुम, लग्न करून दिली, आणि या बाईच्या कानातून काही येत होतं, हे त्याला परक्या माणसाच्या टेबलासमोर कळत होतं. डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "बीडला थांबू नका. सरळ अंबाजोगाई गाठा. आजच."

बीडच्या पुढं एसटीत खिडकीशी नसीम बसली होती. हैदर तिच्या उजव्या अंगाला. ती नेहमीच डावीकडची जागा धरायची. बाहेरचं बघायला आवडतं म्हणून, असं तो समजत होता. बस केजला पोचेपर्यंत तो मनातल्या मनात दुकान विकत होता. हैदरचं मोटारी भरायचं दुकान होतं. बोअरमधली जळालेली मोटार शेतकरी टेम्पोत टाकून आणायचे, तो ती उघडायचा, आतली काळी पडलेली तार छिन्नीनं कापून काढायचा आणि नवी तांब्याची तार भरून वार्निशात बुडवायचा. कोरड्या तालुक्यात पाणी खोल गेलं की मोटारी जास्त जळतात, त्यामुळं त्याचं बरं चाललं होतं. आता आधी तार गुंडाळायचं मशीन द्यायचं, मग वार्निश सुकवायची भट्टी, मग तेवढ्यानं भागलं नाही तर जागेची पागडी. कानाच्या हाडापर्यंत गेलेलं दुखणं सरकारी दवाखान्यातही फुकटात निघत नाही, असं त्यानं गिऱ्हाइकांच्या तोंडून पुष्कळ ऐकलं होतं. मधेच तो नसीमकडे बघायचा. तिनं ओढणी तोंडावर ओढून घेतली होती. उजवा डोळा वाऱ्यानं कोरडा पडत होता आणि तिला तो मिटता येत नव्हता, म्हणून ती तो बोटानं मिटून धरत होती, जशी आपण झोपलेल्या लेकराच्या खोलीचं दार धरतो.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या विभागात डॉक्टर प्रियदर्शनी होत्या. वयानं हैदरच्या तरन्नुमपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी नसीमला खुर्चीत तिरकं बसवलं, दुर्बीण कानावर आणली आणि बारीक नळीनं आतली घाण ओढायला सुरुवात केली. नळीचा आवाज पेल्याच्या तळातलं शेवटचं सरबत ओढल्यासारखा येत होता. हैदर शेजारी उभा राहून नसीमचं मनगट धरून होता. मग डॉक्टर थांबल्या. त्यांनी चिमटा आत घातला आणि हळूच काहीतरी बाहेर काढलं. काळपट, टणक, वाटाण्याएवढं. त्यांनी ते स्टीलच्या वाटीत टाकलं, मास्क थोडा खाली केला, वाटी नाकाजवळ नेली आणि चकित होऊन म्हणाल्या, "याला खसचा वास येतोय." पलीकडं उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरानंही वास घेतला. वाटी हैदरसमोर आली. पूच्या उग्र वासाखाली, फार खाली, बाजारातल्या महाग खसचा वास होता. तो त्यानं लगेच ओळखला. बीडच्या उरुसात त्यानंच तो बाटलीच्या झाकणावरून, मनगटावरून, तिसऱ्या दुकानात घासाघीस करून निवडला होता. "कानात काय घालता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं. हैदर म्हणाला, "फाया. अत्तराचा."

अत्तरात भिजवलेला कापसाचा बोळा कानाच्या वरच्या घडीत खोचायची रीत त्याच्या घरात जुनी होती. अब्बा दर जुम्म्याला खोचायचे. त्यांच्याजवळून गेलं की आधी वास यायचा, मग सलाम. नसीम चकलांब्याहून लग्न करून आली तेव्हा पहिल्या ईदला तिच्याही कानात फाया होता. सासूला ते आवडलं, म्हणाली, मुलगी शौकीन आहे. हैदरलाही आवडलं. त्याच्या हातांना, कपड्यांना, उशीला वार्निशचा वास असायचा; तिचा वास त्यावर मात करायचा. पुढं तो दर ईदला, दर उरुसाला अत्तर आणू लागला. गुलाब आणला, मोतिया आणला, मग खस. मित्र म्हणायचे, बायकोवर लई पैसा उडवतो बे हैदर. त्याला ते ऐकायला बरं वाटायचं. नसीम बाटली हातात घेऊन एकदा वास घ्यायची आणि कपाटात ठेवायची, आणि कुणी पाहुणे यायचे असले, लग्नाला जायचं असलं, तरन्नुमला बघायला माणसं यायची असली, की फाया करायची. आता वाटीकडे बघताना त्याला कळत होतं की फाया घडीत नव्हता, आत होता. कानातून येणाऱ्या वासाला झाकायला ती कानच बंद करत होती. त्यानं जितकं भारी अत्तर आणलं, तितका तिनं बोळा घट्ट बसवला.

आणि मग त्या सगळ्या लग्नांतली नसीम त्याला एकामागून एक दिसू लागली. मांडवात खुर्चीवर बसलेली, सुगंधी, समोर बोलणाऱ्या प्रत्येकीकडे बघून हसणारी. "तुमची नसीम बोलत नाही फार, पण हसते छान," असं बायका म्हणायच्या. तरन्नुमच्या निकाहाच्या दिवशी तर तिनं सकाळपासून फाया लावला होता. काझींनी विचारलं, मुलगी कबूल म्हणाली, पडद्यामागून तिच्या मैत्रिणींचा गलका झाला. त्या गलक्यानंतर थोड्या वेळानं नसीमनं हैदरकडे बघून भुवया उडवल्या होत्या. तो समजला होता, झालं एकदाचं, असं म्हणतेय. ती विचारत होती, झालं का?

डॉक्टरांनी तिला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं. डोक्यावर मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. हैदर बाहेरून बघत होता. ती परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी पाठ ताठ करून बसली होती. उजव्या कानाला आवाज सोडला तेव्हा तिचं बोट उशिरा उशिरा का होईना हलत होतं. मग डाव्या कानाची पाळी आली. तंत्रज्ञ काटा फिरवत राहिला, फिरवत राहिला. नसीम बटणावर अंगठा ठेवून वाट बघत होती. काचेपलीकडून तिनं हैदरकडे बघितलं, आणि त्या नजरेत आपण लपवलेली वस्तू दुसऱ्याला सापडल्यावर माणूस बघतं तसं काहीतरी होतं. "डावा कान पूर्ण बंद आहे," डॉक्टर प्रियदर्शनी म्हणाल्या. "लहानपणी गालगुंडं झाली होती का?" झाली होती. सात-आठ वर्षांची असताना. त्यात कान गेल्याचं घरी कुणाला कळलंच नाही, आणि तिला कळलं तेव्हा लग्नाचं बोलणं चाललं होतं.

हैदर बाहेरच्या बाकावर येऊन बसला आणि आपलं घर आठवू लागला. पलंग पूर्वेच्या भिंतीला का होता, हैदर स्वतः आणि पंखा लावणारा वायरमन दोघंही म्हणत असताना तिनं तो पश्चिमेला का येऊ दिला नव्हता. चूल सोडून गॅस आला तेव्हा शेगडी तिनं दाराच्या त्या अंगाला का मांडली. रस्त्यानं चालताना ती वळसा घालून त्याच्या डावीकडे का यायची, की तो तिच्या उजवीकडे पडावा. जेवायला बसताना त्याचं ताट कुठं. बावीस वर्षं त्याला वाटत होतं, घर आपल्या सोयीनं लावलंय. सगळं घर तिच्या एका कानाभोवती लावलेलं होतं, आणि त्याच कानात तो उरुसातून अत्तर आणून ओतत होता. दुकानात जळकी मोटार आली की तो मालकाला विचारायचा, आवाज कधीपासून बदललाय? मालक नेहमी म्हणायचा, न्हाई ओ, परवापर्यंत चांगली चालू होती, एकदम गेली. हैदर हसायचा. एकदम काही जळत नाही, असं तो प्रत्येकाला ऐकवायचा.

संध्याकाळी स्कॅन आल्यावर डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. त्यानं बसायच्या आधीच विचारलं, "म्याडम, खर्च किती येईल? म्हंजे मला तशी सोय करायला." "खर्च नाही," त्या म्हणाल्या. "सरकारी योजनेतून होईल. ऑपरेशन, औषधं, सगळं. बाहेरून काही आणायचं नाही." सकाळपासून विकलेलं मशीन, भट्टी, दुकान सगळं एकदम परत मिळालं. तो हसलाच. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावर करडं चित्र लावलं. कानाच्या आत कातडीची एक पिशवी वाढली होती. ती हाड खाते. तिनं कानामागचं हाड खाल्लंय, चेहऱ्याच्या नसेवरचं आवरण खाल्लंय, म्हणून तोंड वाकडं झालं. वर मेंदूच्या पडद्यापर्यंत पातळ पापुद्रा उरलाय. काढली नाही तर पू मेंदूत जाणार. "आणि इथं," त्यांनी पेनचं टोक एका ठिपक्यावर ठेवलं, "ऐकण्याच्या आतल्या भागाची भिंत खाल्ली गेलीये. पिशवी त्या भोकाला चिकटलेली आहे. ती उचलताना आतला कान कायमचा जाऊ शकतो. दुसरा कान चांगला असता तर मी हे एवढं बोललेच नसते." हैदर ठिपक्याकडे बघत राहिला. "मग मशीन लावता येतंय ना कानाला? आमच्या गल्लीत एक म्हातारे लावतेत." "आतला कान थोडातरी जिवंत राहिला तर ते चालतं. नाहीतर आत बसवायचं मशीन असतं. ते मोठ्या माणसाला योजनेतून मिळणं फार अवघड आहे." त्याची किंमत हैदरनं विचारली नाही. "त्यांना तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "मी उद्या बोलेनच. पण आधी घरच्यांकडून कळलेलं बरं. सही त्या करतील. पेशंट त्या आहेत."

सूज उतरेपर्यंत सलाईनमधून औषध द्यायचं होतं, म्हणून नसीमला बायकांच्या वॉर्डात खाट मिळाली. पुरुषांना भेटीच्या वेळेतच आत सोडत. हैदर व्हरांड्यात चटई टाकून राहिला आणि प्रत्येक वेळी आत जाताना ठरवून जायचा, आता सांगतो. पण नसीमच्या उजव्या कानावर बोळा आणि पट्टी होती. तिला काही सांगायचं म्हणजे ओरडावं लागणार. तू बहिरी होशील, हे वाक्य तो तोंडात जुळवून बघायचा. ते कुजबुजत सांगायचं वाक्य होतं, रात्री उशीला उशी लावून सांगायचं. ते बारा खाटांच्या वॉर्डात हमालासारखं ओरडून कसं सांगणार? सगळ्यांना ऐकू जाईल आणि तिला अर्धंच जाईल. तो सफरचंद कापून द्यायचा, डोळ्यात थेंब टाकायचा, पापणी बोटानं मिटून तिच्यावर चिकटपट्टी लावायचा आणि बाहेर यायचा. डॉक्टर व्हरांड्यात भेटल्या की विचारायच्या, "सांगितलं?" तो म्हणायचा, "हौ, सांगतो." दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता मीच सांगते." तो म्हणाला, "आजचा दिवस द्या, म्याडम."

शेजारच्या खाटेवर जानकीबाई होत्या. धारूरकडच्या. वर्षानुवर्षं कारखान्यावर ऊस तोडून आलेल्या, हातांवर कोयत्याच्या खुणा, गळ्याला पांढरी पट्टी. त्यांची घशातली गाठ काढली होती आणि डॉक्टरांनी अजिबात बोलायचं नाही असं बजावलं होतं. त्यांचा आवाज बंद होता, तोंड बंद नव्हतं. ओठ, भुवया, हात सगळं चालू असायचं. हैदरला त्यातलं अर्धं कळायचं. सिस्टर ओरडायच्या, "मावशी, गप बसा!" आणि त्या ओठांनीच म्हणायच्या, "गपच तर हाय!"

त्या दुपारी हैदर चहा घेऊन आला तेव्हा दोघींचं काहीतरी चाललं होतं. तो दारातच थांबला. जानकीबाई खाटेवर मांडी घालून सांगत होत्या. आवाज नाहीच. नुसते ओठ. मधे सिस्टरांची ट्रॉली खडखडत गेली, कोपऱ्यात कुणाचं लेकरू रडत होतं. आणि नसीम, कानावर पट्टी बांधलेली नसीम, मान डोलावत होती, आणि योग्य ठिकाणी विचारत होती, "मग मुकादम काय म्हणला?" जानकीबाईंचे ओठ हलले. "बाई गं! आणि तुमी?" पुन्हा ओठ. नसीम अर्ध्या तोंडानं हसली. "बरं केलं. अजून एक हाणायची व्हती." आवाज नसलेल्या बाईचं बोलणं त्याची बायको अक्षर न अक्षर ऐकत होती. ऐकत नव्हती. बघत होती.

चार-पाच वर्षांपूर्वी तिनं त्याच्यामागं लकडा लावला होता, मिशा काढा. ओठांवर आलेल्या मिशा बरोबर नाहीत, दाढी ठेवा पण मिशा बारीक करा. त्याला वाटलं, मशिदीतल्या बायकांच्या बयानातून, धर्माच्या प्रवचनातून, हे शिकून आली. त्यानं चिडवलं होतं, आता मला मौलाना करतीस का? तरी त्यानं काढल्या. लोक म्हणाले, हैदर सुधारला. त्या दिवसापासून ती त्याच्या तोंडाकडे बघत बोलायची आणि त्याला वाटायचं, या वयातही ही आपल्याकडे अशी टक लावून बघते. त्यानं त्यावर काही कमी मिरवलं नव्हतं. आता दारात उभं राहून त्याला लाज वाटायला हवी होती, पण लाज आली नाही. आलं ते दुसरंच होतं. कुणीतरी आपल्याला इतकी वर्षं एवढं लक्षपूर्वक ऐकलं, आपल्या फालतू बोलण्यातला एकेक शब्द ओठांवरून वेचून घेतला, कितीची मोटार, कुणाचा उधारीचा वांधा, आज भाजीत मीठ जास्त आहे, हेसुद्धा. त्यासाठी एवढी मेहनत घेण्यासारखं आपण काय बोललो होतो, असं त्याला वाटत राहिलं.

जानकीबाईंनी त्याला बघितलं आणि हातानं ये म्हटलं. मग त्याच्याकडे तोंड करून ओठ सावकाश, लेकराला शिकवावं तसे हलवले. "सांगितलं का न्हाई आजून?" तो गडबडला. डॉक्टर आणि त्याचं व्हरांड्यातलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं तर. त्यानं मान हलवली. जानकीबाईंच्या भुवया चढल्या. "कावून? बायकू हाय का जनावर हाय ती? बैलाला बी खुराला पत्री मारायच्या आदी थोपटतेत." मग त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या आणि चादर डोक्यावर घेतली. वॉर्डात एखाद्याला जितकं एकटं सोडता येतं, तितकं त्यांनी या दोघांना सोडलं.

हैदर स्टुलावर बसला, तिच्या उजवीकडे, मग उठून समोर आला आणि खाटेच्या कडेवर बसला. नसीमनं कप घेतला, चमच्यानं चहा पिऊ लागली. त्यानं तिच्या हाताला स्पर्श केला. तिनं वर बघितलं. आणि त्यानं आवाज न काढता बोलायला सुरुवात केली. अवघड होतं. आवाज सवयीनं वर यायचा आणि तो गिळायचा. सुरुवात मोटारीची सांगावी तशी केली. आत काय झालंय, काय खाल्लं गेलंय, काय कापायचंय. ती बघत होती. चमचा कपात थांबला होता. मग तो त्या वाक्यापाशी आला. कान जायेगा. शायद पूरा. त्याचे ओठ थरथरले आणि तिनं कपाळाला आठी घातली. "फिरसे बोलो," ती म्हणाली. "आखरी का नै समज्या." म्हणून त्याला ते पुन्हा सांगावं लागलं. या वेळी त्यानं तोंड नीट उघडलं, एकेक शब्द वेगळा केला, ओठ स्वच्छ ठेवले. आजूबाजूला कुणाला काही कळलं नाही. सिस्टर नोंदी करत होत्या. पलीकडं एक मुलगी मोबाइलवर मालिका बघत होती. आयुष्यात बायकोशी इतकं खासगी तो कधी बोलला नव्हता.

नसीमनं कप स्टुलावर ठेवला. मग तिनं विचारलं, "और मुंह?" तोंड सरळ होईल का? त्यानं ओठांनीच सांगितलं, होईल म्हणतात, हळूहळू. तिनं गालावर हात ठेवला. "लोकांसमोर च्या पिता येईल," ती मराठीत म्हणाली, जणू ही गोष्ट जानकीबाईंनाही कळायला हवी होती. चादरीखाली हालचाल झाली. मग ती म्हणाली, "तरन्नुम को फोन लगाव."

त्यानं फोन लावला आणि तिच्याकडे दिला. नसीमनं स्वतःच कानावरची पट्टी सैल केली, बोळा काढून हातात धरला, आणि फोन कानाला इतका दाबून धरला की बोटांची पेरं पांढरी पडली. हैदरच्या तेव्हाच लक्षात आलं की फोनवर ओठ नसतात. म्हणूनच ती फोनवर कधी बोलत नसे. "तुमच बात करो" म्हणून त्याच्याकडे द्यायची. आता ती बोलत होती. "हौ. हौ बेटा. नै, कुछ नै, सूज है थोडी. तू बोल. कुछ भी बोल. तू क्या करली आज?" आणि पुढं ती ऐकत राहिली. पलीकडून तरन्नुमचा बारीक, भरभर आवाज पोपटासारखा येत होता. हैदरला शब्द कळत नव्हते. कुकरची शिट्टी, नळाला पाणी न येणं, नणंदेचं काहीतरी असणार. नसीमनं डावा डोळा मिटून घेतला. उजवा चिकटपट्टीखाली होताच. हैदरकडे, त्याच्या तोंडाकडे, कुठंच न बघता ती नुसती ऐकत होती. त्यानं तिला असं ऐकताना कधी बघितलं नव्हतं. फोनची बॅटरी संपत आली तरी तो काही बोलला नाही. फोन आपोआप बंद झाला, तेव्हाही ती थोडा वेळ तसाच धरून होती. मग बोळा परत कानात घालत म्हणाली, "आवाज अच्छी है उसकी. मेरे अम्मी पे गई." त्याच संध्याकाळी डॉक्टर प्रियदर्शनींनी चित्र काढून तिला सगळं पुन्हा समजावलं. नसीमनं त्यांच्या तोंडाकडे बघत प्रत्येक वाक्यावर मान हलवली, शेवटी एकच विचारलं, की मास्क घातल्यावर तुम्ही काय बोलता ते मला कळणार नाही, तर बेशुद्ध करायच्या आधी एकदा मास्क काढून सांगाल का? डॉक्टर म्हणाल्या, सांगेन. तिनं उर्दूत सही केली.

शुक्रवारी सकाळी तिला आत नेलं. दुपारी उशिरा डॉक्टर बाहेर आल्या. पिशवी पूर्ण निघाली होती. मेंदूचा पडदा शाबूत होता. चेहऱ्याची नस दबलेली होती, तुटलेली नव्हती. भोकावरची पिशवी शेवटी उचलली आणि लगेच भोक बुजवलं. "कानाचं?" हैदरनं विचारलं. "उचलताना जे करायचं ते सगळं केलं. आता कळणार नाही." त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. हैदरला त्यांना बसा म्हणावंसं वाटलं, पण बाक भरलेला होता.

शनिवारी भेटीच्या वेळेत तो आत गेला तेव्हा नसीम उशीला टेकून बसली होती. डोक्याभोवती पट्टीचा मोठा फेटा. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "खाना खाये क्या तुम?" अख्खा वॉर्ड वळला. सिस्टरांच्या हातातली पट्टी थांबली. नसीमनं आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. स्वयंपाकघरातून हाक मारायची झाली तरी ती दारात येऊन उभी राहायची. हैदरनं ओठांनी सांगितलं, खाया. "झूठ!" ती तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली. "मुंह सूख गया है तुम्हारा!" जानकीबाई गळ्यावरची पट्टी धरून बिनआवाजाचं हसत होत्या, त्यांचे खांदे हलत होते, आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवून नसीमला गप बसा अशी खूण केली. नसीमला ते कशाबद्दल आहे हे कळलं नाही. तिनं हैदरकडे बघितलं. तिला आपण ओरडतोय हे ठाऊक नव्हतं.

डॉक्टर प्रियदर्शनी दोन खाटा पलीकडं होत्या. त्यांनी मान वळवून नसीमकडे बघितलं, थोडं थांबल्या, आणि पुन्हा आपल्या पेशंटकडे वळल्या. हैदर त्यांच्यापाशी गेला. "म्याडम, ती इतक्या मोठ्यानं कावून बोलायली?" डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला. "कान गच्च भरलाय पट्टीनं. दुसरा आधीच बंद. त्यामुळंही असेल." "आन दुसरं काय असंल?" त्यांनी त्याला खाटेपासून दोन पावलं बाजूला घेतलं. "मंगळवारी पट्टी काढू. आवाजाचा चिमटा वाजवून, कपाळाला लावून, ऐकू येतंय का बघू. त्याच्या आधी मी काही सांगितलं तर ते खोटं असेल."

तो परत येऊन तिच्या समोर बसला. तिनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या? त्यानं ओठांनी सांगितलं, मंगळवारी. ती मोठ्यानं म्हणाली, मग बुधवारी घरी जायचं, दुकान किती दिवस बंद ठेवणार, लोकांच्या मोटारी पडल्या असतील. मग म्हणाली, जानकीबाईंना डाळिंब सोलून द्या, त्यांना गिळायला त्रास होतो, पण रस जातो. मग त्या मुलीची मालिका काय झाली म्हणाली. ती बोलत राहिली आणि तो डाळिंब सोलत राहिला, दाणे वाटीत पाडत, मधे मधे वर बघत, म्हणजे तिला आपला चेहरा दिसत राहावा. वॉर्डाला आता सवय झाली होती; कुणी वळत नव्हतं. पाच वाजता शिपायानं दारात घंटा वाजवली आणि भेटीची वेळ संपली, तेव्हा नसीम अजून मोठ्यानं बोलत होती.